मैदानावरचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम



ढाणकीहून दक्षिणेकडे निघाले की पैनगंगा लागते. नदी ओलांडली की हिमायतनगर, किनवट, हदगाव हा नांदेड जिल्ह्याचा मुलूख सुरू होतो. आज दोन्ही काठ एकाच महाराष्ट्रात आहेत. पण १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि पलीकडचा काठ १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिला, हे नव्या पिढीच्या सहसा ध्यानात नसते. त्या काळी अलीकडच्या काठावरचा होतकरू मुलगा पुढच्या शिक्षणासाठी अमरावती-नागपूरची वाट धरी, तर पलीकडचा मुलगा हैदराबादची.

या दोन्ही वाटांवर एकेक असे मैदान होते की ज्याचा इतिहास आपल्या मुलांना सांगितला पाहिजे. अमरावतीला १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. पुढे त्याचेच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूने आपली कबड्डी जगापुढे मांडली. वऱ्हाडातल्या कितीतरी शाळांना कवायतीचे मास्तर या मंडळाने पुरविले. हैदराबादचे मैदान मात्र आपल्याकडे तितकेसे ठाऊक नाही. २०१२ साली पद्मश्रीच्या यादीत क्रीडा विभागात दोन नावे एकत्र आली. एक अमरावतीच्या मंडळाचे प्रभाकरराव वैद्य आणि दुसरे हैदराबादचे बॅडमिंटन प्रशिक्षक सय्यद मोहम्मद आरिफ. आपण या दोन शहरांच्या मधोमध राहतो. तेव्हा दोन्हीकडचा वारसा आपलाच आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

आज मी आपल्यासमोर हैदराबादच्या अशा एका मास्तरांची कहाणी ठेवणार आहे, की ज्यांना पद्मश्री मिळाली नाही, द्रोणाचार्य पुरस्कारही मिळाला नाही; परंतु ज्यांच्या हाताखाली भारताने आशियाई क्रीडास्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक दोनदा जिंकले. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. सारे हैदराबाद त्यांना ‘रहीम साहेब’ म्हणत असे.

रहीम साहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातून ते बी. ए. झाले. उर्दूसारख्या देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे हे विद्यापीठ त्या काळी सबंध देशात कौतुकाचा विषय होते. रहीम साहेब अभ्यासात होते तसेच खेळातही होते. विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून ते खेळले. सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी ‘इलेव्हन हंटर्स’ नावाचा संघ काढला होता, त्यातही ते खेळत. पण पदवी मिळाल्यावर त्यांनी पेशा निवडला तो शिक्षकाचा. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल-उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा एकामागून एक शाळांतून त्यांनी नोकरी केली. नोकरीत असतानाच शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि पुढच्या शाळांमध्ये खेळांची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे आली.

पालकहो, येथे थोडे थांबून विचार करावा. बी. ए. झालेल्या माणसाला त्या काळात कचेरीतली खुर्ची दुर्मीळ नव्हती. वर्गात इतिहास-भूगोल शिकविणाऱ्या मास्तरांचा मान वेगळा आणि शिट्टी गळ्यात अडकवून उन्हात उभ्या राहणाऱ्या मास्तरांचा मान वेगळा, ही समजूत तेव्हाही होती आणि आजही पुरती गेलेली नाही. आपल्या घरीसुद्धा मुलगा गणितात नापास झाला तर शिकवणी लागते; पण तो दोन मैल धावू शकत नाही याची चौकशी कोणी करीत नाही. अशा वातावरणात रहीम साहेबांनी स्वतःहून मैदान निवडले आणि त्यासाठी पुन्हा विद्यार्थी होऊन पदविका घेतली.

शाळेतला खेळशिक्षक हा एका खेळाचा धनी नसतो. सकाळी कवायत, मधल्या वेळात धावण्याची चाचणी, संध्याकाळी हुतूतू, व्हॉलीबॉल, फुटबॉल, शिवाय स्नेहसंमेलन आले की मानवी मनोरे, हे सगळे त्याच एका माणसाच्या अंगावर असते. मद्रासला १९२० साली आणि मुंबईजवळ कांदिवलीला १९३८ साली शारीरिक शिक्षणाच्या संस्था निघाल्या, त्या अशाच अष्टपैलू शिक्षकांसाठी. एकाच मुलाला निरनिराळ्या खेळांत पाहिल्यामुळे अशा शिक्षकाची नजर तयार होते. कोणाचा डावा पाय कच्चा, कोणाचा दम लवकर जातो, कोण हरला की रडतो आणि कोण हरला की दुसऱ्या दिवशी लवकर येतो, हे त्याला कळते. रहीम साहेबांची नजर याच शाळांच्या मैदानांवर घडली. पुढे राष्ट्रीय संघ हाती आला तेव्हाही ते मूळचे शाळामास्तरच राहिले. त्यांच्या यशाची किल्ली हीच होय, असे मला वाटते.

फुटबॉलच्या संघटनेचे कामही त्यांनी १९४३ सालापासून अंगावर घेतले आणि हैदराबाद फुटबॉल संघटनेच्या चिटणीसपदाची धुरा अखेरपर्यंत वाहिली. त्यांचे खरे शहाणपण त्या काळातील मुलांच्या स्पर्धांमध्ये दिसते. आपली मुले चेंडू मिळाला की एकट्यानेच पळत सुटतात, सोबत्याला देत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. यावर त्यांनी नुसता उपदेश केला नाही. त्यांनी अशा स्पर्धा भरविल्या की ज्यांत चेंडू घोळवीत नेण्यास मनाई! चेंडू आला की सोबत्याकडे द्यायचाच. पुष्कळ मुले फक्त उजव्या पायाने खेळतात हे पाहून त्यांनी दुसरी स्पर्धा काढली. तीत ज्याचा जो पाय कमजोर, त्याच पायाने त्याने चेंडू मारायचा. विद्यार्थी मित्रांनो, या दोन नियमांत केवढे शिक्षण भरले आहे पाहा. पहिला नियम सांगतो की तू एकटा नाहीस. दुसरा सांगतो की जे येत नाही तेच आधी गिरव. इंग्रजी कच्चे म्हणून इंग्रजीचे पुस्तक शेवटी उघडणाऱ्यांनी हा दुसरा नियम आपल्या टेबलासमोर लिहून ठेवण्यासारखा आहे.

१९५० साली हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि मुंबईकरांना रहीम साहेबांच्या शिकवणुकीचा प्रत्यय आला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर होणारा रोव्हर्स चषक ही देशातील जुन्या आणि मानाच्या स्पर्धांपैकी एक होती. १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे हा चषक हैदराबाद पोलिसांनी नेला. १९५० चा ड्युरंड चषकही त्यांचाच. कलकत्त्याचे संघ म्हणजे फुटबॉल, ही तोवरची समजूत होती. ती हवालदार-शिपायांच्या या संघाने मोडून काढली. पुढे संतोष चषकाच्या राष्ट्रीय स्पर्धेत १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी दोन वर्षे हैदराबादच अजिंक्य ठरले, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर मुंबईचा संघ होता.

१९५१ साली दिल्लीला पहिली आशियाई क्रीडास्पर्धा झाली. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक रहीम साहेब होते आणि कर्णधार शैलेन मन्ना. अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांच्या एकमेव गोलाने भारताने इराणला हरविले. शाळामास्तरांचा संघ आशियात पहिला आला!

इथपर्यंतची हकीकत ऐकताना वाटेल की हा माणूस यशाच्या पायऱ्या नुसता चढतच गेला. तसे नाही. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १० विरुद्ध १ असा धुव्वा उडविला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. थंड हवा, ओले मैदान आणि समोर बूट घातलेले धिप्पाड खेळाडू. दहा गोल खाऊन मायदेशी परतणाऱ्या प्रशिक्षकाची मनःस्थिती काय असेल, याची कल्पना करावी. परीक्षेत एखाद्या विषयात गुण कमी पडले म्हणून शाळा सोडण्याच्या गोष्टी करणाऱ्या आपल्या मुलांना ही दहा गोलांची गोष्ट मुद्दाम सांगावी. त्या पराभवानंतर बुटांचा वापर सक्तीचा झाला. युरोपातील संघ कशी रचना करतात याचा रहीम साहेबांनी बारकाईने अभ्यास केला. मधल्या आघाडीच्या खेळाडूला थोडे मागे खेळविणे, बचावात चार आणि आघाडीत चार खेळाडू ठेवणे, अशा नव्या रचना त्यांनी भारतात आणल्या. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलने चार-दोन-चार ही रचना जगभर गाजविली, त्याच्या आधीच ती आपल्याकडे रहीम साहेबांच्या हाताखाली खेळली जात होती, असे जाणकार सांगतात.

चार वर्षांत या अभ्यासाचे फळ मिळाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४ विरुद्ध २ असे हरविले. त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझा यांचे. हे मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या मैदानांवर वाढलेले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. भारत उपांत्य फेरीत पोचला आणि शेवटी चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये इतका वरचा क्रमांक भारताला त्यापूर्वी मिळाला नव्हता आणि त्यानंतरही मिळालेला नाही. त्या संघात नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, झुल्फिकारुद्दीन, बलराम असे हैदराबादकडचे कितीतरी खेळाडू होते. कोणी मुसलमान, कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती. कोणी बंगाली, कोणी पंजाबी, कोणी गोवेकर. रहीम साहेबांनी त्यांना एका सुतात ओवले.

या बलरामांची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तुळशीदास बलराम हे सिकंदराबादच्या बाजूचे, गरीब घरातले पोर. रहीम साहेबांनी त्यांचा खेळ हेरला आणि सरावाला बोलाविले. पण रोज इतक्या लांब यायचे कसे? तेव्हा सायकलच्या भाड्याचे पैसे रहीम साहेबांनी स्वतः दिले, असे खुद्द बलराम पुढे आठवणीने सांगत. देशाने बलराम यांना अर्जुन पुरस्कार दिला. २०२३ साली ते वारले. सायकलचे भाडे ते किती! पण ते वेळेवर मिळाले नसते, तर ऑलिंपिकमध्ये गोल करणारा एक खेळाडू सिकंदराबादच्या गल्लीतच राहिला असता. आपल्या संस्थेच्या हितचिंतकांनी या ठिकाणी थोडा विचार करावा. देणगी म्हणजे इमारतीवरची संगमरवरी पाटीच असते असे नाही. एखाद्या मुलाचे बसभाडे, एखाद्या मुलीचे बूट, हीसुद्धा देणगीच आहे, आणि तिचे फळ कधी कधी इमारतीपेक्षा जास्त टिकते.

१९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्ससारख्या संघाला १-१ असे बरोबरीत रोखले. या संघात रहीम साहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही निवडले गेले होते. पुढे हे हकीम साहेब हवाई दलात अधिकारी, आंतरराष्ट्रीय पंच आणि प्रशिक्षक झाले. २०१७ चा ध्यानचंद पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०२१ साली त्यांचे निधन झाले.

आता शेवटचा अध्याय. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या वेळी रहीम साहेबांच्या शरीरात कर्करोगाने घर केले होते. तशाही प्रकृतीत ते संघाबरोबर गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. पुढे थायलंडविरुद्ध जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. जर्नेल म्हणजे बचावाची भिंत. टाके पडलेल्या डोक्याने ते बचावात चेंडू अडविणार कसे? रहीम साहेबांनी त्यांना आघाडीवर उभे केले! उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेल यांनी गोल केला आणि भारत ३-२ असा जिंकला.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी पुन्हा दक्षिण कोरियाशीच होता. इस्राएल आणि तैवानला स्पर्धेपासून दूर ठेवल्याबद्दल गुरुदत्त सोंधी यांनी आवाज उठविला होता. त्यामुळे जकार्तातील जनमत भारताविरुद्ध खवळले होते. लाखभर प्रेक्षक आपल्या खेळाडूंची हुर्यो उडवीत होते. सामन्याच्या आदल्या दिवशी रहीम साहेबांनी मुलांकडे एकच भेट मागितली, असे त्या संघातील खेळाडू पुढे सांगत. ती भेट म्हणजे सुवर्णपदक. दुसऱ्या दिवशी पहिल्या वीस मिनिटांतच पी. के. बॅनर्जी यांनी एक आणि टाके घातलेल्या जर्नेल यांनी दुसरा गोल केला. कोरियाला शेवटी एकच गोल फेडता आला. भारत २-१ असा विजयी झाला.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीम साहेब अल्लाला प्यारे झाले. वय अवघे त्रेपन्न. ज्या द्रोणाचार्य पुरस्काराने सरकार प्रशिक्षकांचा गौरव करते, तो १९८५ साली सुरू झाला. म्हणजे त्यांच्यामागे बावीस वर्षांनी. २०२४ साली त्यांच्यावर ‘मैदान’ नावाचा चित्रपट निघाला, तेव्हा कोठे नव्या पिढीच्या कानांवर त्यांचे नाव गेले. पण मास्तरांची खरी आठवण शिष्यांच्या रूपाने राहते. १९७० साली बँकॉकला भारताने कांस्यपदक मिळविले, तेव्हा कर्णधार होते हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन आणि प्रशिक्षकांमध्ये होते रहीम साहेबांचे शिष्य पी. के. बॅनर्जी. नईमुद्दीन यांना पुढे १९९० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा तसे हे झाले. मात्र १९६२ नंतर भारताला आशियाई फुटबॉलचे सुवर्ण मिळालेले नाही आणि १९६० नंतर आपला संघ ऑलिंपिकच्या मैदानावर उतरलेला नाही. एक चांगला मास्तर गेला की किती मोठी जागा रिकामी होते, याचा हा हिशेब आहे.

हैदराबादच्या मातीत शिक्षक-प्रशिक्षकांची ही परंपरा मात्र खंडित झाली नाही. आरंभी उल्लेखिलेले आरिफ साहेब तरुणपणी क्रिकेट आणि बॅडमिंटन दोन्ही खेळत. त्यांच्या हाताखालून पुल्लेला गोपीचंद गेले, लहानगी सायना नेहवाल गेली. २००१ साली गोपीचंद यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. २०१२ साली सायनाने ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. मुंबईला १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आदींनी स्थापिलेल्या अंजुमन-इ-इस्लामच्या शाळेतून वसीम जाफर नावाचा मुलगा शालेय सामन्यात नाबाद ४०० धावा करून पुढे आला, भारताकडून खेळला, आणि कारकिर्दीच्या उत्तरार्धात आपल्या विदर्भाच्या संघात येऊन २०१७-१८ आणि २०१८-१९ च्या रणजी विजयांत सहभागी झाला. शिक्षणसंस्थेने पुस्तकाबरोबर मैदानही दिले तर काय होते, याची ही उदाहरणे आहेत.

पालक बंधू-भगिनींनो, आपण ढाणकीसारख्या गावात राहतो. आपल्याकडे मोठे स्टेडियम नाही, ही तक्रार खरी आहे. पण काचीगुड्याच्या शाळेतही ते नव्हते. तेथे एक शिक्षक होता आणि त्याचे नेमलेले वेळापत्रक होते. तेव्हा आपल्याला करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. खेळाचा तास दुसऱ्या विषयासाठी मागून घेतला जात असेल, तर पालकसभेत उठून हरकत घ्यावी. मुलगी सातवीपर्यंत लंगडी-खोखोत पहिली येते आणि आठवीत गेली की तिचे खेळणे बंद होते. ते का बंद होते, हे घरातच एकमेकांना विचारावे. शरमेचा प्रश्न असेल तर अंगभर पोशाखात आणि बाईंच्या देखरेखीखाली खेळता येते. प्रश्न पैशाचा असेल तर सायकलभाड्याची गोष्ट आठवावी. आणि कापूसवेचणीच्या दिवसांत शेतावर राबून आलेला मुलगा संध्याकाळी तासभर मैदानावर गेला, तर त्याला आळशी म्हणू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी सगळेच ऑलिंपिकला जाणार नाहीत. रहीम साहेबांच्या शाळांतली बहुतेक मुलेही गेली नाहीत. ती कारकून झाली, दुकानदार झाली, शिक्षक झाली. पण चेंडू सोबत्याला द्यायचा असतो आणि कमजोर पाय आधी तयार करायचा असतो, हे ती शिकली. एवढे शिकलात तरी मैदानावरच्या मास्तरांचे श्रम फुकट गेले नाहीत. उद्या शाळेत जाल तेव्हा शिट्टी गळ्यात घालून उन्हात उभ्या असलेल्या त्या शिक्षकांना आधी सलाम करा, आणि मग मैदानात उतरा.